नळीवाले डॉक्टर

कल्याणच्या बाजारात त्या काळी माणूस माणसाला भेटला, की रामराम म्हणायचा. डॉक्टर आधी मनगट धरायचे. एका हाताची बोटं तुमच्या नाडीवर, दुसऱ्या हातात साखळीचं घड्याळ, आणि तोंडाने, "हं, बोला, घरचे कसे आहेत?" तुम्ही घरच्यांची खुशाली सांगत असायचात आणि त्यांचे डोळे घड्याळाच्या काट्यावर. मग एकदम मनगट सोडून म्हणायचे, "काल जागरण झालेलं दिसतंय. भजन होतं का?" काही म्हातारी माणसं तर डॉक्टर समोरून येताना दिसले, की हात उपरण्यात लपवत.

ही प्लेगच्या आधीची गोष्ट. खाडीच्या बंदराला मिठाची गलबतं लागत, आणि आगगाडी येऊन बरीच वर्षं झाली तरी गावची माणसं अजून तिची शिट्टी ऐकून मान वर करत. डॉक्टर सरकारी दवाखान्यावर बदलून आले ते ठाण्याहून. मुंबईला इंग्रजी वैद्यक शिकलेला माणूस, उंच, सुकलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा. अंगात काळा अल्पाका लोकरीचा कोट, डोक्याला पगडी, आणि कोटाच्या खिशातून डोकावणारी लाकडी नळी. ती छातीला लावून दुसऱ्या टोकाला कान टेकायचा, असं ते तपासणं. गावाने आठ दिवसांत त्यांचं नाव ठेवलं, नळीवाले. त्यांची माणसं तिकडे राजापूरला होती. इथे ते एकटेच राहात आणि संध्याकाळी दवाखाना बंद झाला, की आमच्या तालमीत येऊन बसत.

पहिल्या दिवशी आम्हांला वाटलं, साहेबांना कुस्तीचा शौक असेल. कसला शौक! डाव कुठला, पेच कुठला, शेवटपर्यंत त्यांना कळलं नाही. कोण वर आणि कोण खाली हेसुद्धा ते विचारून घ्यायचे. त्यांना बघायचा असायचा तो आमचा श्वास. मातीच्या हौद्यातून माणूस बाहेर आला, अंगाची लाल माती झटकायच्या आत, की हे नळी घेऊन हजर. "हलू नकोस. बोलू नकोस. हां, आता जोर मार. बस. पुन्हा ये."

आमचे वस्ताद साताऱ्याकडचे. सत्तरी गाठलेली, पण मान अजून बैलासारखी. एकदा ते चिडून म्हणाले, "डाक्तर, माजी पोरं आजारी न्हाईत. आजारी हाईत ती तुमच्या दवाखान्यात पडल्यात. तिकडं जावा."

"तेच तर वस्ताद," डॉक्टर म्हणाले. "आजारी माणसावर पुस्तकंच्या पुस्तकं लिहून ठेवली आहेत. धडधाकट माणूस आतून कसा असतो, ते कोण लिहिणार?"

वस्ताद मिशीला पीळ देत बसले आणि डॉक्टर तालमीतले झाले.

तालमीत मेहनत चालू असताना पाणी प्यायला वस्तादांची सक्त बंदी असे. पाणी प्यायलं की दम तुटतो, हा त्यांच्या गुरूचा शब्द. उन्हाळ्यात आमच्या पोटऱ्यांत असे गोळे यायचे, की भले भले पैलवान पाय धरून आईच्या नावाने ओरडत. डॉक्टरांनी एके दिवशी आम्हां चौघांना धरून बंदरावर नेलं आणि मिठाच्या गोणी तोलायच्या काट्यात एकेकाला बसवलं. मग तालमीत नेऊन घाम निघेपर्यंत मेहनत करायला लावली आणि परत काट्यात. हमाल गोळा झाले होते. "आता मीठ संपलं म्हणून पैलवान विकताय व्हय?" म्हणून कुणी विचारलंसुद्धा. पण दुसऱ्या खेपेला पारडं वर गेलं, ते सगळ्यांनी बघितलं. वजनं काढावी लागली.

"घाम गेला म्हंजी अंगातला मळ गेला," वस्ताद म्हणाले.

"मळ नव्हे हो, पाणी गेलं. एवढं पाणी बैलाच्या अंगातून गेलं तर तुम्ही त्याला हौदावर न्याल की नाही?"

बैलाचं नाव काढल्यावर वस्ताद विचारात पडले. पुढच्या आठवड्यात तालमीच्या कोपऱ्यात पाण्याचा एक डेरा आला. पाण्यात चिमूटभर मीठ. गोळे यायचे कमी झाले.

झोपेवर तर त्यांचं फार प्रेम. "ताकद आखाड्यात खर्च होते बाबांनो, जमते ती अंथरुणात," असं ते नव्या पोरांना हटकून सांगत, आणि पोरं का हसतात ते त्यांना कधीच समजलं नाही. दुखऱ्या सांध्याला विश्रांती, तापात मेहनत बंद, जेवणानंतर तास-दीड तास कुस्ती नको. आज हे शाळेतली मुलंसुद्धा सांगतील. तेव्हा मात्र माणूस तापातून उठला, की लोक त्याला घाम गाळायला तालमीत पाठवत.

माझा दादा, नारायण, ह्या तालमीचा हिरा. माझ्याहून दीड वर्षाने मोठा. वडील लवकर गेले, तेव्हापासून तो बंदरावर मिठाच्या गोणी उचलायचा आणि सकाळ-संध्याकाळ मातीत असायचा. मी त्याचा जोडीदार, म्हणजे रोज त्याच्याकडून आपटून घेणारा. मानपाड्याच्या बाजूला एका गावदेवीची जत्रा भरे. तिथली शेवटची कुस्ती मानाची. त्या वर्षी ती दादाची ठरली होती, पनवेलकडच्या एका नावाजलेल्या पैलवानाशी. गावात त्याशिवाय दुसरं बोलणं नव्हतं.

जत्रा जवळ आली तेव्हा डॉक्टरांनी दादाला सावकाश तपासायला घेतलं. उताणं निजवून छातीवर बोटाने ठोकत गेले. जिथे आवाज बदलेल तिथे कोळशाने रेघ. आम्ही बाकीचे आपापल्या रेघा पुसून बसलो होतो. दादाची रेघ डाव्या अंगाला लांबच लांब गेली. डॉक्टरांनी ती पुसली, पुन्हा ठोकलं, पुन्हा तिथेच. मग नळी लावून इतका वेळ कान टेकून राहिले, की दादाने विचारलं, "डॉक्टर, झोपलात का?"

ते उठले तेव्हा तोंड उतरलेलं होतं. "काळीज वाढलंय तुझं. नाडीही फार संथ आहे. हा आजार आहे, नारायणा. कुस्ती बंद."

वस्ताद उसळले. "आरं ज्याच्या अंगाला माती लागली त्यो आजारी? ह्याला आजार? उद्या म्हणाल वाघाला दमा झालाय!"

डॉक्टर वाद घालत बसले नाहीत. ते सरळ आमच्या घरी आले. आई चुलीपाशी होती. पदर सावरून दारात येऊन उभी राहिली आणि सगळं ऐकून घेतल्यावर तिने एकच विचारलं, "खेळला तर मरेल का?"

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण पुस्तकात असंच लिहिलंय."

आईने दादाला देवापाशी उभं केलं आणि आपल्या गळ्याची शपथ घातली. दादाने लंगोट काढून खुंटीला टांगला. वस्तादांनी त्या दिवसापासून डॉक्टरांशी बोलणं टाकलं. जत्रेत दादाच्या जागी मी उतरलो आणि त्या पनवेलकराने मला नारळ फोडावा तसा आपटला. ते जाऊ दे.

त्यानंतरची दोन वर्षं वाईट गेली. दादाला दुखत काहीच नव्हतं. पण गावाने त्याला आजारी करून टाकलं. बंदरावर त्याच्या पाठीवर गोण द्यायला कुणी धजेना. मुकादमाने दया येऊन त्याला मोजणीला बसवलं. मुरबाडकडचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं, ते 'मुलाच्या काळजात खोट आहे' म्हणून मोडलं. जिना चढताना आई खालून हाक मारायची, "सावकाश रे." हळूहळू तोच सावकाश झाला. बोलता बोलता थांबायचा आणि छातीवर हात ठेवून ऐकत बसायचा. दंडावरचं मांस उतरलं. मी घरी येताना अंगाची माती आधीच धुऊन यायचो, त्याला वास येऊ नये म्हणून.

नवलाची गोष्ट अशी, की त्या दिवसांत त्याच्याकडे रोज येणारा माणूस एकच. डॉक्टर. संध्याकाळी ओटीवर दोघं सोंगट्या मांडून बसायचे. डॉक्टरांना हरणं अजिबात सहन व्हायचं नाही. डाव अंगावर आला, की त्यांना एकदम दवाखान्यातला रोगी आठवायचा आणि उठताना कोटाच्या टोकाने पट उधळायचा. "अरे, चुकून झालं!" दादा हसायचा. तो हसायचा तो तेवढाच. मला डॉक्टरांचा रागही यायचा आणि ते आले नाहीत तर मी त्यांची वाटही बघायचो.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात वस्ताद तापाने पडले. तालमीतच घोंगडीवर निजले होते. औषध नको म्हणाले, डॉक्टर नको म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांना शुद्ध-बेशुद्ध कळेना, तेव्हा मी आणि दादा दोघं उशापायथ्याशी बसलो आणि दवाखान्यात निरोप धाडला. डॉक्टर छत्री न घेताच आले. इतक्या वर्षांत वस्तादांनी कधी त्यांना छातीला हात लावू दिला नव्हता. आधी 'मी म्हातारा, मला कशाला' म्हणून, आणि नंतर रागाने.

डॉक्टरांनी फुप्फुसं ऐकली. मग नळी डावीकडे सरकवली आणि तिथेच थांबले. बोटाने ठोकलं. कोळसा मागितला. मी दिला. म्हाताऱ्या छातीवर रेघ उमटत गेली, लांबच लांब, डाव्या अंगाला. डॉक्टरांनी वळून दादाकडे बघितलं. मग पुन्हा कान टेकला.

वस्तादांनी डोळे किलकिले केले. "काय ऐकू येतंया?"

डॉक्टर म्हणाले, "माझी चूक."

वस्तादांना ते कळलं नाही. दादाला कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. तो उठून बाहेर पावसात जाऊन उभा राहिला.

पुढचा महिनाभर डॉक्टरांना वेड लागलंय अशीच गावाची खात्री झाली. वस्तादांना बरं करून त्यांनी विचारलं, "तुमच्या पिढीतले पैलवान कोण कोण हयात आहेत?" आणि मिळेल त्या दिवशी गुडघाभर चिखलातून ते त्या म्हाताऱ्यांना शोधत हिंडले. शीळला गेले, माजिवड्याला गेले, डोंबिवलीच्या भातखाचरांच्या बांधावरून घसरून पडले. एका आगरी गावात मीही बरोबर होतो. शेतात नांगर धरलेला म्हातारा. तरुणपणी मोठा मल्ल. त्याने बैल थांबवून उघड्या छातीवर नळी लावून घेतली आणि म्हणाला, "मना काय बी झालं नाय, डाक्तर. मना सोरा, पाऊस येल."

"तुम्हांला काही झालं नाही, म्हणूनच आलोय," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मोठं, संथ काळीज, आणि त्यावर अख्खं आयुष्य नांगर धरलेला माणूस. परतताना त्यांनी कल्याण नाक्यावरच्या टांग्याच्या घोड्यालाही नळी लावली. घोड्याने पगडी तोंडात धरली. टांगेवाला शिव्या देत होता आणि डॉक्टर बोडक्या डोक्याने घोड्याच्या बरगडीला कान लावून, "गप्प, गप्प, ऐकू दे," म्हणत होते.

नागपंचमीला तालमीत पूजा असते. त्या दिवशी सगळा गाव येतो. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि डॉक्टर हौद्याच्या काठावर उभे राहिले. त्यांनी पगडी काढली आणि वस्तादांच्या पायाशी मातीवर ठेवली.

"दोन वर्षांपूर्वी मी नारायणाला आजारी ठरवलं," ते म्हणाले. "त्याला काहीही झालेलं नाही. मेहनतीने जसा दंड भरतो, तसं काळीजही भरतं. ज्यांनी पुस्तक लिहिलं त्यांनी इस्पितळातल्या रोग्यांच्या छात्या ऐकल्या होत्या. पण माझ्यासमोर तुम्ही सगळे होतात. मी तुम्हांला ऐकलं आणि पुस्तकावर विश्वास ठेवला."

वस्तादांनी वाकून पगडी उचलली, माती झटकली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली. "जिभेला हाड हाय तुमच्या," एवढंच म्हणाले.

पण दादा गर्दीतून निघून गेला होता. डॉक्टर आमच्या घरी आले तेव्हा तो आतून बाहेर आला नाही. आई दारात उभी राहिली, पहिल्यासारखीच.

"डॉक्टर, दोन वर्षं कोण भरून देणार?"

"कुणी नाही," ते म्हणाले. "मला देता आली असती तर दिली असती."

आईने त्यांना बसा म्हटलं नाही. पण दार लावूनही घेतलं नाही. डॉक्टर ओटीवर बसून राहिले. दिवेलागणीला उठून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

दादाचा राग मला समजत होता. त्याहून खोल काहीतरी होतं, ते उशिरा समजलं. त्याला भीती वाटत होती. दोन वर्षं ज्या काळजाकडे चोरासारखं बघितलं, त्याच्यावर आता विश्वास कसा ठेवायचा? आईने आपली शपथ सोडवली आणि वस्तादांनी हात धरून हौद्यात उतरवलं, तर चार बैठकांत त्याचा चेहरा पांढरा पडला आणि तो छाती धरून बसला.

मग एका सकाळी डॉक्टर धोतराचा काचा मारून आमच्या दाराशी आले. अंगात तोच कोट. "चल, धावायला जाऊ," म्हणाले.

"तुम्ही?" दादा दोन महिन्यांनी त्यांच्याशी पहिला शब्द बोलला.

"मी. जिथे मी थांबेन तिथे तू थांबायचं. त्याच्या पुढे एक पाऊल नाही."

दुर्गाडीच्या बाजूला खाडीच्या काठाने एक वाट जाते. त्या वाटेवर आमच्या गावाने ते दृश्य बघितलं. पुढे पैलवान, मागे पगडी सावरत, कोटाची टोकं उडवत पळणारा शेवग्याच्या शेंगेसारखा डॉक्टर. कोळणी पाट्या खाली ठेवून हसत. पहिल्या दिवशी डॉक्टर शंभर पावलांत आडवे झाले, म्हणून दादाही थांबला. रोज थोडं पुढे. 'आज एवढंच' हे त्यांचं पालुपद. दादाला आणखी धावायचं असे, पण ते काठावर बसकण मारत. थंडी पडली तोवर डॉक्टरही बरेच लांब जायला लागले होते.

एकदा मीही बरोबर गेलो होतो. दादा धावता धावता विसरला. खरोखर विसरला, डॉक्टरांना, वाटेला, छातीला. वळणापलीकडे दिसेनासा झाला. डॉक्टर मागे वाटेतच बसले होते, तोंडाने श्वास घेत, आणि हसत होते. थोड्या वेळाने दादा मागे फिरून धावत आला, घाबरलेला. "डॉक्टर! काय झालं? छातीत दुखतंय का?" त्याने त्यांना धरून सावलीत बसवलं, खाडीकाठच्या झोपडीतून तांब्याभर पाणी मागून आणलं. डॉक्टर पाणी पीत होते आणि तो त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता. त्या दिवशी संध्याकाळी ओटीवर सोंगट्या मांडल्या गेल्या.

पुढे दोन वर्षांनी त्यांची खानदेशात बदली झाली. पत्रं यायची ती तब्येतीचीच. आमची नव्हे, तिकडच्या पैलवानांची. प्लेगच्या साथीत पत्रं थांबली. काय झालं ते विचारायला आम्हांला राजापूरचा पत्ताही माहीत नव्हता. दादा नंतर लग्न करून ठाण्याला राहायला गेला. त्याच्या घरी मी गेलो, की आम्हां दोघां म्हाताऱ्यांत कधी ना कधी डॉक्टरांचा विषय निघायचाच.

पण मला ते आठवतात ते बदलीच्या आधीच्या त्या जत्रेतले. पुन्हा तीच गावदेवी, तीच मानाची कुस्ती, समोर तोच पनवेलकर. आम्ही डोंबिवलीवरून बैलगाडीने गेलो. दादा आखाड्यात उतरला तेव्हा ते माझ्या शेजारी उभे होते आणि माझा दंड त्यांनी इतका घट्ट धरला होता, की पुढे आठवडाभर तिथे निळं राहिलं. कुस्ती लांबली. हलग्या वाजत होत्या, लोक ओरडत होते, दोघांच्या अंगाची वाफ निघत होती. डॉक्टर डोळे मिटून उभे होते. दादाने एकदा त्याला जवळजवळ चीत केला होता. मग त्या अनुभवी गड्याने खालून अशी काही पकड बदलली, की डोळ्याचं पातं लवायच्या आत दादाची पाठ मातीला लागली.

गर्दीने गिल्ला केला. डॉक्टरांनी डोळे उघडले. "कोण वर आहे?"

"दादा हरला," मी म्हणालो.

ते गर्दी चिरत पुढे गेले. कोणाच्या पायावर पाय देत, कोणाला कोपर मारत. दादा मातीत बसला होता, लालेलाल. डॉक्टर त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

"दम लागला का? डोळ्यांपुढे अंधारी? छातीत कळ आली? खरं सांग, नारायणा. कशाने हरलास?"

दादाने त्यांच्याकडे बघितलं. मग तो हसायला लागला. लहान असताना हसायचा तसा, पोट धरून.

"अहो डॉक्टर, काय बी झालं नाही. तो माझ्यापेक्षा चांगला खेळला."

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी त्याचं मातीने भरलेलं तोंड धरलं. कोटाच्या बाह्या लाल झाल्या.

"छान हरलास," ते म्हणाले. "फार छान हरलास रे बाबा." आणि एवढ्या जत्रेत, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने रडू लागले.